अंगावर जखम नाही, तरीही

प्रश्न : भाचीवर लैंगिक अत्याचार झाला. तिच्या वैद्यकीय अहवालात ‘जखमा आढळल्या नाहीत’ असं लिहिलंय. आता तिच्यावर कोण विश्वास ठेवेल? – एक मावशी, नागपूर

उत्तर : ताई, ते वाक्य वाचून तुमचा जीव खालीवर झाला असेल. नागपुरात मी तपासलेल्या कितीतरी मुलींच्या अंगावर साधा ओरखडाही नव्हता. भीतीनं शरीर थिजतं, हात उचलत नाही. योनीमार्गाचं अस्तर लवचीक असतं, बारीक जखम दोन-तीन दिवसांत भरून येते. प्रतिकार केला नाही म्हणजे संमती होती, असं कायदाही मानत नाही. अहवालात ‘दोन बोटांची चाचणी’ (योनीत बोटं घालून मुलीचे आधी शरीरसंबंध आले होते का, हे बघणं) दिसली, तर लगेच वकिलांना दाखवा. सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये ती करणं गैरवर्तन ठरवलंय. आणि हो, त्या दिवशीचे कपडे घरीच असतील तर धुऊ नका. वाळवून कागदी पिशवीत घालून पोलिसांकडे द्या. प्लास्टिकमध्ये दमटपणा राहतो, पुरावा कुजतो.