सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाचा तोल सुधारण्यासाठी घरी कोणते व्यायाम करावेत?

तुम्ही लिहिलंय की मुलगा साडेपाच वर्षांचा आहे, स्पास्टिक डायप्लेजिया (सेरेब्रल पाल्सीचा, मुख्यतः दोन्ही पाय ताठर होणारा प्रकार) आहे, सोफा धरून उभा राहतो, कडेकडेने चालतोही, पण हात सोडला की दोन सेकंदांत कोसळतो. रोज तासभर पाय ताणण्याचे व्यायाम होतात, तो रडतो, आणि वर्ष झालं तरी तोलात फरक नाही. मी गेली १४ वर्षं लहान मुलांची फिजिओथेरपी करते. तुमच्यासारखं मनापासून, रोज न चुकता करणारे आईवडील मी खूप पाहिलेत, म्हणून आधी हे सांगते: तुमच्या मेहनतीत काही कमी नाही. व्यायाम वेगळा हवा.

मूल पाठीवर झोपलेलं असतं आणि त्याचा पाय दुसरंच कुणीतरी वर-खाली करत असतं, तेव्हा त्याच्या मेंदूला काही ठरवावंच लागत नाही. तोल ही मेंदूने शिकायची गोष्ट आहे. २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या आयोना नोव्हाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सेरेब्रल पाल्सीच्या सगळ्या उपचारांचा मोठा आढावा घेतला. ज्यात मूल स्वतः धडपडतं, एखादं नेमकं काम जमावं म्हणून पुन्हा पुन्हा तेच करतं, ते उपचार त्यात पुढे आले. नुसते हातपाय हलवून देणारे मागे पडले.

तो कोसळतो का, तेही समजून घ्या. आपण उभं राहून हात पुढे करतो तेव्हा हात हलायच्या आधीच पोटऱ्या घट्ट होतात, कारण वजन पुढे जाणार हे मेंदूला ठाऊक असतं. मागून धक्का बसला तर आधी घोट्याजवळचे, मग मांडीचे, मग कमरेचे असे खालून वर स्नायू जागे होतात. स्पास्टिक डायप्लेजियात हा क्रम बऱ्याचदा उलटा होतो, शिवाय पायाचे पुढचे आणि मागचे स्नायू एकाच वेळी आवळले जातात. पायाची काठी होते, आणि काठीला तोल सावरता येत नाही. त्यात ताठरपणाखाली अशक्तपणाही दडलेला असतो. ताठ पाय म्हणजे ताकदवान पाय, असं अनेकांना वाटतं. ते खरं नाही.

हा क्रम सुधारतो का? काही प्रमाणात, हो. २००३ मध्ये ॲन शमवे-कुक आणि सहकाऱ्यांनी सेरेब्रल पाल्सीच्या ६ मुलांना सरकत्या फळीवर उभं करून ५ दिवस रोज १०० छोटे धक्के दिले. मुलं आधीपेक्षा लवकर सावरू लागली, आणि महिन्यानंतरही ते टिकून होतं. सहाच मुलांचा अभ्यास आहे, पण मला त्यातून जे पटलं ते असं: तोल जाऊ दिला, तरच तो सावरायला शिकता येतं. फळी नसली तरी चालेल. तुमचा हात कुठे आहे, यावर बरंच ठरतं.

एका सहा वर्षांच्या मुलीचं सांगते. आई तिला काखेत धरून उभी करायची आणि मुलगी त्या हातांवर लटकायची. मी आधी हात कमरेवर आणले, मग फक्त फ्रॉकचा मागचा पट्टा चिमटीत धरला. समोरच्या भिंतीवर, तिच्या हातापासून वीतभर लांब, एक स्टिकर लावायचं होतं. पायाची बोटं जमिनीत रुतल्यासारखी आखडली. हात पुढे गेला, अंग डुललं, आणि घोट्याच्या पुढची शीर टरकन वर आली, खाली गेली, पुन्हा वर आली. मी पट्टा ओढला नाही. ती उभी राहिली. ती थरथर म्हणजेच व्यायाम. आपण घाबरून पटकन धरतो आणि नेमकी तीच थरथर काढून घेतो.

आता तुमच्याकडे काय करायचं ते. सुरुवात बसण्यापासून, कारण धड स्थिर नसेल तर पाय काही करू शकत नाहीत. पाठ नसलेलं स्टूल घ्या, तळवे पूर्ण टेकले पाहिजेत, गुडघे काटकोनात. खेळणं हाताच्या टप्प्यापेक्षा थोडं पुढे ठेवा, मग डावीकडे, मग उजव्या हाताने डावीकडचं उचलायला लावा. तो स्वतः परत मध्यावर आला पाहिजे. तुम्ही आणून बसवू नका.

मग स्टुलावरून उठणं-बसणं. मला एकच व्यायाम निवडायला सांगितला तर मी हाच निवडेन. आधी उंच स्टूल, जमू लागलं की थोडं बुटकं. उठण्याइतकंच सावकाश बसणंही महत्त्वाचं आहे; धप्पकन बसला तर अर्धा फायदा गेला. "मी चार मोजेपर्यंत बसायचं नाही" असं म्हटलं की मुलं बरोबर करतात.

उभं राहण्यासाठी खोलीचा कोपरा वापरा. पाठीमागे दोन भिंती, समोर टेबल, म्हणजे कुठेही कलला तरी आधार आहे आणि तरीही त्याने काही धरलेलं नाही. तिथे फुगा टोलवा, चेंडू द्या-घ्या. दोन्ही हातांनी चेंडू झेलताना हात, डोळे आणि पाय यांचा मेळ आपोआप साधावा लागतो, समन्वयासाठी वेगळं काही शोधायला नको. एक पाय बुटक्या पायरीवर ठेवून उभं राहणं ही पुढची पायरी. सोफ्याकडेने तो चालतोच, तर एका हाताने खेळणं न्यायला सांगा. धरायला एकच हात उरतो आणि कमरेच्या बाजूचे स्नायू कामाला लागतात.

सलग तासभर करू नका. या मुलांना उभं राहायला आणि चालायला इतर मुलांपेक्षा जास्त शक्ती लागते. दमलेला मुलगा चुकीचंच घोटत बसतो. दहा-दहा मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. दात घासताना उभं राहणं, चड्डी चढवताना एक हात सोडणं, हेही त्यात मोजा. घोट्याला आधार देणारं स्प्लिंट असेल तर उभ्याचा बहुतेक सराव स्प्लिंट घालून, आणि थोडा वेळ अनवाणी, म्हणजे घोट्यालाही काम मिळेल. किती वेळ, ते त्याचा पाय पाहिलेल्या थेरपिस्टने ठरवावं.

ताणाचे व्यायाम एकदम बंद करा असं मी म्हणत नाही. पण तो रडतोय हे मला खटकलं. सेरेब्रल पाल्सीच्या साधारण एक-तृतीयांश मुलांत खुब्याचा सांधा हळूहळू जागेवरून सरकतो, आणि सुरुवातीला बाहेरून काही दिसत नाही. खुब्याचा एक्स-रे कधी काढला होता? आठवत नसेल तर नवे व्यायाम सुरू करण्याआधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. दुखत असताना ताणू नका.

"आधाराशिवाय कधी चालेल?" या तुमच्या प्रश्नाला खरं उत्तर देते. मूल स्वतः कितपत हालचाल करू शकतं, यावरून स्तर ठरवणारी जीएमएफसीएस नावाची पाच स्तरांची वर्गवारी १९९७ पासून वापरली जाते. कॅनडात ६५७ मुलांचा माग ठेवून २००२ मध्ये दाखवलं गेलं की बसणं, उभं राहणं, चालणं यांतली बहुतेक प्रगती पाच वर्षांच्या आसपास किंवा त्याआधीच झालेली असते. तुमच्या वर्णनावरून तो तिसऱ्या स्तरावर असावा, म्हणजे वॉकर घेऊन चालणारा; पण हे तपासूनच ठरतं. तसं असेल तर "आधाराशिवाय चालणं" हे ध्येय त्याच्यावर लादू नका. त्याऐवजी दहा सेकंद काही न धरता उभं राहणं ठेवा. दहा सेकंदांत चड्डी वर ओढता येते, नळ सोडता येतो, शाळेत दुसऱ्याला हाक मारावी लागत नाही. वॉकर दिला म्हणजे आपण हरलो, असं आईवडिलांना वाटतं तेव्हा मला फार वाईट वाटतं. तो मुलगा वॉकरने मित्रांपर्यंत स्वतः पोचतो, कडेवरून नाही.

आज कोपऱ्यात उभं करून मोबाईलवर एक व्हिडिओ काढा आणि सेकंद मोजा. चार आठवड्यांनी त्याच जागी, तसाच पुन्हा काढा. रोज पाहणाऱ्याला दोनाचे चार सेकंद झालेले कळत नाहीत, व्हिडिओत कळतात. स्तर आणि एक्स-रेचं कळलं की इथेच लिहा, स्टुलाची उंची आणि पुढची पायरी त्यावरून सांगते.