सर्व्हर अधूनमधून रीबूट केला नाही तर मेमरीवर परिणाम होतो का?

तुमच्या ऑफिसातला लिनक्स सर्व्हर दर रविवारी रात्री रीबूट होतो, कारण आठवडाभरात १६ जीबीपैकी जेमतेम ३०० एमबी 'फ्री' उरते, असं तुम्ही म्हणताय. मेमरीसाठी याची काही गरज नाही. रॅम वापरून थकत नाही.

मेमरीचा हिशोब दाखवणाऱ्या 'फ्री' कमांडमधला 'फ्री' हा रकाना पाहूनच निम्मे लोक घाबरतात. लिनक्स रिकामी रॅम पडून राहू देत नाही. डिस्कवरून वाचलेल्या फायली तिथे धरून ठेवतं आणि एखाद्या प्रोग्रामला जागा लागली की लगेच मोकळी करून देतं. बघायचा तो शेवटचा 'अव्हेलेबल' रकाना. तिथे नऊ-दहा जीबी दिसत असेल तर सर्व्हर ठणठणीत आहे. उलट रीबूट केलं की ही कॅश पुसली जाते आणि सोमवारी सकाळचे पहिले रिपोर्ट रेंगाळतात. (आमच्याकडे त्याचं खापर बिचाऱ्या नेटवर्कवाल्यावर फुटायचं.)

'अव्हेलेबल'च दिवसेंदिवस उतरत असेल तर मात्र कुठेतरी लीक आहे, म्हणजे एखादा प्रोग्राम घेतलेली मेमरी सोडत नाहीये. तरीही अख्खं मशीन बंद करायचं कारण नाही, कारण प्रोसेस (चालू असलेला प्रोग्राम) संपली की तिची मेमरी कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, परत घेतो. प्रोसेसची यादी दाखवणाऱ्या 'पीएस' कमांडमधला आरएसएसचा (प्रत्येक प्रोसेसने व्यापलेल्या रॅमचा) आकडा दर तासाला क्रॉनने, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणाऱ्या सोयीने, फाइलीत टाकत राहा, एक-दोन दिवसांत कोण फुगतंय ते दिसेल. तेवढीच सर्व्हिस रीस्टार्ट करा आणि डेव्हलपरच्या मागे लागा. मायक्रोसॉफ्टचा आयआयएस हा वेब सर्व्हरसुद्धा मूळ सेटिंगप्रमाणे दर १,७४० मिनिटांनी, म्हणजे २९ तासांनी, वेबसाइट चालवणारी वर्कर प्रोसेसच बदलतो. सर्व्हर चालूच राहतो. लीक कर्नलमध्ये किंवा ड्रायव्हरमध्ये असेल तर मात्र दुरुस्ती येईपर्यंत रीबूटशिवाय इलाज नाही. कर्नलची स्वतःची मेमरी दाखवणाऱ्या 'स्लॅबटॉप' कमांडमध्ये एखादी ओळ सतत वाढताना दिसली तर संशय तिथे घ्यायचा.

बराच वेळ चालू राहिल्याने यंत्रं बिघडतच नाहीत असं नाही. विंडोज ९५ आणि ९८ हे ४९.७ दिवसांनी अडकायचे, पण तिथे मिलिसेकंद मोजणारा ३२ बिटांचा काउंटर भरायचा. मेमरीचा दोष नव्हता.

रीबूट करायचं ते कर्नलचे सिक्युरिटी अपडेट आले की. लाइव्ह पॅचिंग (चालू कर्नलमध्येच दुरुस्ती बसवण्याची सोय) नसेल तर नवा कर्नल त्याशिवाय लागू होत नाही. तेही रात्री क्रॉनवर सोडू नका, कुणीतरी समोर असताना करा. एफएसटॅबमधली (सुरू होताना कुठल्या डिस्क जोडायच्या त्या यादीतली) चुकीची ओळ किंवा आपोआप सुरू होण्यासाठी 'इनेबल' करायची राहिलेली सर्व्हिस तेव्हाच उघडी पडते.