बोनसचे 6 लाख येन जुन्या जपानी काचेत घालावेत का?

नमस्कार. तुमचं कुटुंब टोकियोतल्या निशिकासाईला राहतं, पुढच्या मार्चमध्ये पुण्याला परतायचं आहे. पतींच्या 8 लाख येन बोनसपैकी 6 लाखांची ताइशो-शोवा काळातली (1912 ते 1989) काचेची भांडी घेऊन तीन-चार वर्षांनी नफ्यात विकावीत का, असं तुम्ही विचारलं आहे. साठ हजार येनची हौस जरूर करा. सहा लाखांची गुंतवणूक म्हणाल, तर नको.

आधी या बोनसवर कोणाचा डोळा आहे ते बघा. जुमिनझेई, म्हणजे तिथला स्थानिक कर, 1 जानेवारीला जपानमध्ये राहणाऱ्याला आदल्या वर्षीच्या उत्पन्नावर लागतो. ढोबळमानाने करपात्र उत्पन्नाच्या 10 टक्के. मार्चमध्ये निघालात तर चालू कराचे मेपर्यंतचे हप्ते एकदम भरावे लागतील, आणि जूनपासूनचा नवा करही मागे लागेल. तो भरण्यासाठी जपानमध्ये प्रतिनिधी नेमावा लागतो. मुलांच्या शाळेचं जमत असेल तर डिसेंबरअखेर मुक्काम हलवा. नवा कर पूर्ण टळेल. काचेतून एवढी बचत होणं कठीण!

आता विक्रीचा हिशोब. 10,000 येनला घेतलेला पेला मर्कारी या जुन्या वस्तू विकायच्या जपानी अ‍ॅपवर विकला तर 10 टक्के शुल्क जातं, पाठवणीचे 1,000 येन धरू. नुसते पैसे परत मिळायलाच तो 12,222 येनला विकला गेला पाहिजे, म्हणजे भाव 22 टक्के वाढल्यावर नफा शून्य. शिवाय मर्कारीला जपानी फोन नंबर आणि बँक खातं लागतं. परतल्यावर ते कुठून आणणार? आणि या काचेचे जाणते गिऱ्हाईक जपानमध्येच जास्त.

घ्यायचंच तर काय घ्यावं? फुलाफुलांचे छापील शोवा पेले दिसायला गोड, पण विक्रीच्या दृष्टीने सर्वांत कच्चे. इशिझुका ग्लासने 2018 पासून आदेरिया रेट्रो नावाने आपल्याच जुन्या नक्षी पुन्हा काढल्या, त्यामुळे ‘दुर्मीळ’ या शब्दातली हवा बरीच गेली. त्यापेक्षा बर्फाच्या किसासाठीचे ताइशोकालीन पायवाले कप बरे. त्यातली दुधी नक्षी काच पुन्हा तापवून उठवलेली असते. मात्र टवका उडालेला काठ घासून ‘नवा’ करून विकलेले कप बरेच असतात. काठावरून नख फिरवा: आगीवर वितळवलेला मूळ काठ गोल आणि गुळगुळीत लागतो, घासलेला सपाट आणि किंचित मंद. काठाला निळी पट्टी असेल आणि ती एकाच ठिकाणी अरुंद दिसली, तर कप तिथेच ठेवा.

किरिकोच्या, म्हणजे हाताने नक्षी कापलेल्या काचेच्या, नावाखाली साच्यातली काचही खपवतात. हाताने कापलेल्या खाचांच्या कडा बोटाला धारदार लागतात, साच्यातल्या बोथट. सात्सुमा किरिको ‘जुना’ म्हणून स्वस्तात मिळत असेल तर हात जोडा. ती कला मेइजी काळाच्या (1868 पासून) सुरुवातीला बंद पडली आणि 1985 मध्ये कागोशिमात पुन्हा सुरू झाली. मधल्या शतकभरातला माल मुळातच नाही.

कराची बाजू सोपी आहे. जपानमध्ये घरगुती वापराची वस्तू विकल्यावरच्या फायद्यावर आयकर नाही. पुराणवस्तू एका नगाला किंवा संचाला 3 लाख येनपेक्षा महाग विकली तर हिशोब वेगळा. पण विकण्यासाठीच जुनी भांडी सतत घ्यायला लागलात तर तो धंदा झाला. त्याला पोलिसांकडून कोबुत्सुशो, म्हणजे जुन्या वस्तूंच्या व्यापाराचा, परवाना लागतो, अर्जाचं शुल्क 19,000 येन. तुम्ही डिपेंडंट व्हिसावर आहात, म्हणून त्याआधी इमिग्रेशनची परवानगी. या वाटेला जाऊ नका.

भांडी पुण्याला नेताना एक गोष्ट सांभाळा. स्वतः बांधलेल्या खोक्यातली फुटतूट वाहतूक विम्यात बऱ्याचदा धरत नाहीत, तेव्हा पॅकिंग मूव्हर्सकडूनच करून घ्या आणि प्रत्येक नगाचा काठ दिसेल असा फोटो खोकं बंद होण्यापूर्वी काढा.