मुंबई-नागपूर: फ्लाइट दीड तासाची, मग प्रवास किती तासांचा?

प्रश्न: भाचीचा साखरपुडा नागपूरला धरमपेठेत सकाळी 11.30 ला आहे. 72 वर्षांची आई सोबत येणार, तिचे गुडघे दुखतात. त्याच दिवशी सकाळी 7 च्या फ्लाइटने निघालं तर वेळेत पोचू का? आणि अंतर नक्की किती? कुणी 680 सांगतं, कुणी 700, रेल्वेवाले 837 म्हणतात. विमान ताशी 800 ने उडतं तर पाऊण-एक तासात पोचायला हवं ना?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर: ताई, तिन्ही आकडे बरोबर आहेत. सरळ रेघेत विमानाचं अंतर साधारण 680 किमी, समृद्धी महामार्ग आमणे ते नागपूर 701 किमी, आणि रेल्वे नाशिक, मनमाड, भुसावळ, अकोला करत वर्ध्यावरून वळून जाते म्हणून सीएसएमटीपासून 837.

आता वेळेचं. विमान 800 चा स्पीड पूर्ण उंचीवर गेल्यावरच पकडतं, आणि एवढ्या छोट्या फ्लाइटमध्ये वर चढायला वीसेक मिनिटं, खाली उतरायला तेवढीच किंवा जरा जास्त, म्हणजे मधे फुल स्पीडला उरतं ते थोडंच. शिवाय तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हलतं तिथपासून नागपूरला जागेवर थांबेपर्यंतची असते, त्यात रनवेपर्यंत जाणं आणि रांगेत थांबणं पण आलं. मुंबईचे दोन रनवे एकमेकांना क्रॉस करतात त्यामुळे दोन्ही एकाच वेळी चालवता येत नाहीत, म्हणून ही रांग. येताना अजून दहा-पंधरा मिनिटं जास्त धरा, थंडीत वरचा वारा पश्चिमेकडून समोर येतो आणि मुंबईवर कधीकधी घिरट्या घालायला लावतात.

पण मला काळजी वाटते ती घर ते हॉल या वेळेची. 7 ची फ्लाइट म्हणजे व्हीलचेअर धरून 5 ला एअरपोर्टवर, म्हणजे डोंबिवलीतून 4 च्या आत टॅक्सीत बसायचं, आईला 3 ला उठवायचं. साडेआठला उतरलात, बॅगा घेऊन बाहेर यायला 9 वाजून जातील, सोनेगावचा विमानतळ शहरातच आहे म्हणून धरमपेठेत पावणेदहा-दहापर्यंत पोचाल. सगळं वेळेत झालं तर आरामात जमतंय, पण फ्लाइट दोन तास लेट झाली तर साखरपुडा हुकला, आणि ती भीती घेऊन आईने रात्रभर जागं राहावं असं मला अजिबात वाटत नाही.

म्हणून आदल्या दिवशी दुपारची फ्लाइट घ्या. बजेट बघायचं असेल तर संध्याकाळची विदर्भ एक्सप्रेस, कल्याणला चढा, आईला लोअर बर्थ घ्या, रात्र झोपेत जाते. पण ती पण आदल्या रात्रीच्या आदल्या रात्रीची घ्या, कार्यक्रमाच्या सकाळी पोचणारी नको. समृद्धीवरून गाडीने आठ-नऊ तास, गुडघे दुखणाऱ्या माणसाला एवढं बसवू नका.

फ्लाइटच घेतली तर व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागून ठेवा, आणि तिकिटावर टर्मिनल 1 आहे की 2 की नवी मुंबई विमानतळ हे नीट वाचा, टॅक्सीवाल्याला नुसतं एअरपोर्ट सांगू नका.