आधी कंट्रोल दाखव

प्रिय बाय,

तुझा मेसेज काल रात्री वाचला आणि सोबत पाठवलेली डिपार्टमेंटच्या वार्षिक अहवालाची पानं पण वाचली. रंगीत आहेत, गुळगुळीत आहेत, वर मोठ्या अक्षरात "संशोधनातील ठळक उपलब्धी". तू विचारतेस की प्रोटीनच्या पहिल्या लॉटचा डेटा देऊन गप्प बसू आणि त्या यादीत नाव येऊ देऊ, की दुसऱ्या लॉटमध्ये काहीच दिसलं नाही हे सांगून वर्षभराचं काम पाण्यात घालू, की आई म्हणते तसं गणेश चवथीला घरी येऊन सरकारी लॅब टेक्निशियनच्या जागेचा फॉर्म भरू. तीन प्रश्न एकदम विचारलेस, माझा एकच उलटा प्रश्न. कंट्रोल कुठे आहे? म्हणजे बाकी सगळं तसंच ठेवून, फक्त ज्याचा परिणाम बघायचा तेवढंच वगळून लावलेली तुलनेची ट्यूब?

तू हुशार आहेस, धीर सोडू नकोस वगैरे मी लिहिणार नाही. ते सांगायला तुझ्या मावश्या-आत्या आहेत. तुला रात्री झोप लागत नाही यावरूनच कळतं की बरोबर काय ते तुला माहीत आहे, फक्त कुणीतरी मोठ्याने म्हणायला हवंय.

मी तुझा ग्राफ मोबाईलवर मोठा करून करून बघितला. ई. कोलाय जिवाणूमध्ये बनवलेलं प्रोटीन, उंदराच्या बोनमॅरोतून वाढवलेले मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशी, आणि चोवीस तासांनी वरच्या मीडियात टीएनएफ, म्हणजे चेतलेल्या पेशी सोडतात तो रेणू, किती ते एलायझाने, अँटिबॉडी वापरून, मोजलंय. पहिल्या लॉटचा बार छताला टेकलाय, दुसऱ्याचा जमिनीला, आणि शेजारी एक बार "मीडिया ओन्ली". बस, एवढंच? प्रोटीन न घातलेल्या त्या मीडिया ओन्लीने फक्त इतकंच कळतं की तुझ्या पेशी आपणहून रडत नव्हत्या. रडवलं कुणी, तुझ्या प्रोटीनने की त्याच्याबरोबर आलेल्या ई. कोलायच्या भिंतीच्या तुकड्यांनी, ते कसं कळणार? हुमण जहाल झालं की मिरचीला शिव्या घालायच्या आधी त्या मातीच्या कुंडल्यात सकाळी काय होतं ते बघतात गो.

एलपीएस, म्हणजे त्याच भिंतीतलं एंडोटॉक्सिन, तुला मी शिकवलंय, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, त्यामुळे माहीत नाही म्हणू नकोस. मॅक्रोफेजला त्याचे पिकोग्रॅम पुरतात. निकेल कॉलममधून प्रोटीन काढलं म्हणजे ते गेलं असं नाही, जेलवर एकच बँड दिसला म्हणजे गेलं असंही नाही कारण ते त्या जेलवर दिसतच नाही, आणि ऑटोक्लेव्हने तर ते मरत नाहीच, काचेची भांडी २५० अंशाला अर्धा तास भाजावी लागतात. तुझ्या लॅबमध्ये तसा ओव्हन आहे का? असेल तर त्यात सध्या कुणाचा डबा गरम होतोय ते बघून ये.

आणि तुझे गाईड सर म्हणाले की दुसरा लॉट खराब झाला असणार. कशावरून? मला तर उलटं वाटतंय, दुसराच लॉट स्वच्छ असू शकतो. तू मेसेजमध्ये सहज लिहिलंयस की दुसऱ्या वेळी वॉश जास्त केले आणि नवीन कॉलम वापरला. ते वाक्य मी तीनदा वाचलं. तुझ्या सगळ्या मेसेजमध्ये कामाचं तेवढंच वाक्य होतं.

हे फक्त तुझ्यासारख्या नवशिक्या पोरांचं होतं असं समजू नकोस. १९९० च्या दशकाच्या शेवटी आणि त्यानंतर काही वर्षं मोठमोठ्या लॅबमधून पेपर येत होते की हीट शॉक प्रोटीन, म्हणजे एचएसपी६०, एचएसपी७०, ही पेशीबाहेर आली की मॅक्रोफेजना चेतवतात, तेही टीएलआर४ मधून. टीएलआर४ म्हणजे एलपीएसचाच रिसेप्टर, तिथेच कुणाला तरी शंका यायला हवी होती. २००३ च्या सुमारास कुणीतरी बसून एचएसपी७० मधला एंडोटॉक्सिन नीट काढला आणि टीएनएफ गायब. आता मजा ऐक, आधीच्या लोकांनी कंट्रोल केलाच नव्हता असं नाही. त्यांनी प्रोटीन उकळून बघितलं होतं. उकळल्यावर परिणाम गेला, म्हणून म्हणाले की हा प्रोटीनचाच परिणाम, कारण एलपीएस उष्णतेला दाद देत नाही. पण तितक्या कमी प्रमाणातला एलपीएस उकळल्यावर ढिला पडतो, हे कुणी तपासलं नव्हतं. म्हणजे शेजारच्या ट्यूबमध्ये तेवढाच एलपीएस घालून तोही उकळायला हवा होता. कंट्रोलचा पण कंट्रोल लागतो. हे वर्गात सांगितलं की मुलं हसायची, मला त्यात हसण्यासारखं काही कधी वाटलं नाही.

तू म्हणशील मॅडम, कंट्रोल करत बसून कुणाची उपलब्धी होते? होते. कॅटालिन कारिको. तिची गोष्ट आता सगळे सांगतात, १९९५ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात तिला खालच्या पदावर ढकललं आणि २०२३ मध्ये नोबेल मिळालं, चिकाटी वगैरे, भाषणात वापरायला बरं पडतं. पण मला त्यातली ट्यूब आवडते. ती आणि तिचा सहकारी वाइसमन लॅबमध्ये बनवलेला आरएनए डेंड्रिटिक सेल्सना, म्हणजे परकं काही आलं की हाक देणाऱ्या पेशींना, देत होते आणि सेल्स भडकत होत्या. मग वेगवेगळे आरएनए देऊन बघितले तर टीआरएनए, म्हणजे प्रोटीन बनवताना अमिनो ॲसिड आणून देणारा आरएनए, दिला की सेल्स गप्प. टीआरएनएमध्ये बदललेले बेस भरपूर असतात, स्युडोयुरिडिन वगैरे. मग बनवलेल्या आरएनएमध्ये तसे बेस घालून बघितले, आणि तो २००५ चा पेपर आला ज्याच्यावर पुढे कोविडच्या एमआरएनए लसी उभ्या राहिल्या. म्हणजे ज्या ट्यूबमध्ये काहीच घडलं नाही तिने नोबेल दिलं. तुझ्या दुसऱ्या लॉटमध्ये पण काहीच घडलं नाही ना?

आता इम्युनॉलॉजीतला सकागुची घे. १९८० च्या दशकात सप्रेसर टी सेल, म्हणजे बाकीच्या टी सेल्सना आवरणारी पेशी, हा शब्द काढला की लोक तोंड वाकडं करायचे, कारण त्या सेल्सची खूण म्हणून जो आय-जे नावाचा जीन सांगितला जात होता तो क्रोमोझोमवर त्या जागी सापडलाच नाही. सगळे त्या वाटेने जायचे थांबले, हा जपानी माणूस थांबला नाही. १९९५ मध्ये त्याने निरोगी उंदराच्या टी सेल्समधून सीडी२५ ही खूण असलेल्या सेल्स काढून टाकल्या, उरलेल्या सेल्स थायमस नसलेल्या न्यूड माईसना दिल्या, तर थायरॉइड, जठर, ओव्हरी, सगळीकडे शरीर स्वतःवरच उलटलं. इथेच पेपर लिहून मोकळा झाला असता. नाही, त्याने त्या काढलेल्या सेल्स परत घातल्या आणि आजार झाला नाही. काढलं की बिघडतं हे कुणीही दाखवेल, परत घालून सावरतं हे दाखवायला पाहिजे. पुढे २००१ मध्ये ब्रंको आणि रॅम्सडेल यांनी स्कर्फी नावाच्या आजारी उंदरात बिघडलेला फॉक्सपी३ जीन शोधला, तो ह्याच आवरणाऱ्या सेल्स घडवतो हे नंतर कळलं, आणि २०२५ चं नोबेल तिघांना मिळालं. तीस वर्षं गो. तुझ्या डिपार्टमेंटचा अहवाल दर मार्चला छापतात.

जर्नलच्या नावाचं पण इतकं डोक्यात घेऊ नकोस. ब्रूस ग्लिक नावाच्या संशोधकाने ज्या कोंबड्यांची बर्सा, म्हणजे शेपटीजवळची एक छोटी पिशवी, काढली होती, त्यातल्या काही त्याच्या मित्राने वर्गात अँटिबॉडीचं प्रात्यक्षिक दाखवायला उसन्या नेल्या आणि प्रात्यक्षिक फसलं, काही कोंबड्यांत अँटिबॉडीच नाही. कुठल्या कोंबड्या फसल्या ते बघितलं तर बर्सा नसलेल्या. बर्सा असलेल्या त्यांच्यासोबतच होत्या म्हणून कळलं. 'सायन्स'ने पेपर परत पाठवला, १९५६ मध्ये 'पोल्ट्री सायन्स'मध्ये छापून आला, इम्युनॉलॉजीवाल्यांनी कितीतरी वर्षं बघितला नाही. अँटिबॉडी बनवणाऱ्या बी सेलमधला बी त्या बर्साचा.

आता माझं. तुला अर्धवट माहीत असेल, गावात काहीबाही बोलतात. मी एका लॅबमध्ये असताना लेप्टोच्या, म्हणजे उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस तापाच्या, आयजीएम अँटिबॉडी पकडणाऱ्या एलायझाचं काम चालू होतं. पावसात आपल्याकडे ताप आला की मलेरिया, डेंगी आणि लेप्टो एका रांगेत उभे असतात, त्यामुळे काम गरजेचं होतं, त्यात वाद नाही. वाद कटऑफचा. पॉझिटिव्ह कुणाला म्हणायचं ते निरोगी लोकांच्या सीरमवरून ठरतं, आणि आमच्याकडे निरोगी म्हणून कुणाचं रक्त घेतलं होतं, तर कॉलेजच्या पोरांचं. टाईल्स लावलेल्या घरात राहणारी पोरं. आणि टेस्ट लावायची कुणाला, तर खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या शेतात, गुडघाभर चिखलात लावणी करणाऱ्या बायकांना, ज्यांच्या बांधावर उंदरांची बिळं असतात आणि ज्यांच्या रक्तात जुन्या लेप्टोच्या खुणा निरोगी असतानाही असू शकतात. मी म्हटलं त्याच शेतातल्या, ताप नसलेल्या बायकांचं रक्त कंट्रोल म्हणून घ्या, मग कटऑफ काढा. उत्तर आलं की रिपोर्ट महिनाअखेर जायचाय. मी म्हटलं मग माझं नाव नको. त्यांनी ते फार आनंदाने मान्य केलं.

पेपर आला, लॅबच्या अहवालात उपलब्धी म्हणून छापला गेला, प्रमोशन दुसऱ्याला मिळालं आणि मी कॉलेजात शिकवायला आले. नंतर हट्टाने मी माझ्या आजोळच्या खाजनातल्या बायकांकडून, सगळ्या परवानग्या काढून, सीरम गोळा करून फ्रीजरमध्ये ठेवलं होतं. जुलैत लाईट गेली, स्टॅबिलायझर उडाला, शनिवार-रविवार, कुणी बघितलं नाही. सोमवारी दार उघडलं तर ट्यूबा पाण्यात तरंगत होत्या आणि मार्करने लिहिलेली नावं अर्धी पुसली होती. त्या बायकांना परत सुई टोचायला जायला मला तोंड नव्हतं. त्यामुळे मी बरोबर होते की चूक हे आजपर्यंत कुणालाच माहीत नाही. कदाचित कटऑफ तोच निघाला असता. निघाला असता तर निघाला असता, पण काढून बघायला हवा होता! लोक म्हणतात हिने एका कंट्रोलपायी करिअर घालवलं. बरं मग. त्यांचं करिअर झालं, त्यांनी तरी ते सीरम घेतलं का?

हे मी कडवटपणाने लिहितेय असं वाटेल. थोडं आहे, खोटं कशाला बोलू. पण नाव काढलं याचा मला त्रास होत नाही, त्या ट्यूबांचा होतो.

तर तुझ्या त्या रंगीत पानांकडे परत एकदा माझ्या डोळ्यांनी बघ. दुसऱ्या पानावर टी सेलचा नवा उपप्रकार सापडला म्हणून फ्लो सायटोमेट्रीचा, म्हणजे पेशींना रंगीत अँटिबॉडी लावून मोजल्याचा, प्लॉट दिलाय, त्यात एफएमओ, म्हणजे एक रंग वगळून लावलेला कंट्रोल, दिसतोय का? मेलेल्या सेल्स वेगळ्या करायला डाय घातली होती का, की कुठल्याही अँटिबॉडीला चिकटणाऱ्या मेलेल्या सेल्सनाच नवं नाव दिलंय? असेलही सगळं नीट केलेलं, पेपरच्या सप्लिमेंटरीत असेल, जाऊन बघ. नीट असेल तर त्या मुलीला चहा पाज आणि तिच्याकडून शीक. मला तुझ्या डिपार्टमेंटशी भांडायचं नाहीये, चांगली माणसं आहेत तिथे.

सरांकडे जाताना मात्र रडक्या चेहऱ्याने जाऊ नकोस, आणि माझ्यासारखी नाव काढून घेण्याची धमकी तर अजिबात देऊ नकोस, मला तो मान परवडला कारण घरचं भाताचं शेत होतं आणि नवऱ्याची बँकेत नोकरी. तू सरळ म्हण, सर, रिव्ह्यूअर पहिला हाच प्रश्न विचारणार, आधीच करून ठेवूया. गाईड लोकांना रिव्ह्यूअरची भीती असते, ती वापर. दोन्ही लॉटची एलएएल, म्हणजे एंडोटॉक्सिन मोजायची, टेस्ट लाव. तुझ्या प्रोटीनचा जीन नसलेला रिकामा व्हेक्टर, म्हणजे जीन वाहून नेणारा डीएनए, घातलेल्या ई. कोलायमधून तशीच सगळी प्रोसेस करून जे येईल ते सेल्सना दे, हा तुझा खरा कंट्रोल. एलपीएसला धरून निकामी करणारं पॉलिमिक्सिन बी घालून बघ, पण ते तेवढंच करून थांबू नकोस. जमलं तर सी३एच/एचईजे उंदराचे मॅक्रोफेज मागव, त्यांचा टीएलआर४ बिघडलेला असतो, एलपीएसला ते ढिम्म हलत नाहीत. १९९८ मध्ये बॉयटलर नावाच्या शास्त्रज्ञाने एलपीएसचा रिसेप्टर म्हणून टीएलआर४ पकडला तो ह्याच उंदरांच्या जोरावर. त्यांच्यातही पहिल्या लॉटने टीएनएफ आलं तर मी स्वतः कदंबा बस पकडून पणजीला जाईन आणि तुझ्यासाठी मिठाई घेईन. नाही आलं तर नाही आलं, तू दुसऱ्या लॉटने नव्याने सुरू करशील, त्यात लाज कसली.

सरकारी फॉर्म भरायचा तर भर. त्या जागेला मी नावं ठेवणार नाही, बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात रोज शेकडो रिपोर्ट जे टेक्निशियन लोक काढतात ते सकाळी मशीन सुरू केलं की आधी क्यूसी, म्हणजे उत्तर माहीत असलेलं सॅम्पल, लावतात, लेव्हल बसली नाही तर पेशंटचं सॅम्पल आत घालत नाहीत. तुमच्या पीएचडीवाल्यांपेक्षा त्यांना जास्त अक्कल आहे असं मला कधी कधी वाटतं. पण हा डेटा असा लोंबकळत टाकून तिथे जाणार असशील तर मला फोन करू नकोस. आधी हे संपव.

एलएएल किट महाग आहे, ग्रँटमध्ये बसत नाही म्हणशील, म्हणून मी आजच एक काम करून ठेवलंय. तुझ्या आधीच्या बॅचची एक मुलगी वेर्ण्याला फार्मा कंपनीत क्यूसीला आहे, इंजेक्शनची बॅच एंडोटॉक्सिन टेस्टशिवाय त्यांच्या गेटबाहेर जात नाही, दिवसभर ती तेच करते. तिच्याशी बोलले. कंपनीत बाहेरचं सॅम्पल घेता येणार नाही, पण पैसे भरून टेस्ट करून देणाऱ्या लॅबचा नंबर ती देते म्हणाली, आणि रिडिंग कसं वाचायचं ते बसून समजावेल. तिला तुझा नंबर दिलाय. चवथीला येशील तेव्हा दोन्ही लॉटमधलं थोडं थोडं ड्राय आइसमध्ये घालून आण, आणि तो रिकाम्या व्हेक्टरवाला प्रेप पण, तो नसेल तर येण्याआधी बनव. पैसे मी भरते, नंतर बघू. ट्यूबांवर नावं पेन्सिलीने लिही, मार्करने नको.

तुझी,
मॅडम