घडण एकच, मग जोडीदार वेगळे कसे?

प्रश्न : मी परभणी येथे एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात शिकते. ‘ग्राही (पेशीबाहेरचा संदेश घेणारे प्रथिन) सक्रिय झाला की ग्रब-२ हे प्रथिन त्याला जोडले जाते’ असे आमच्या पुस्तकात आहे आणि पुढे एक बाण काढलेला आहे. माणसात एसएच-२ डोमेन असलेली शंभराहून अधिक प्रथिने आहेत व या डोमेनची घडण सगळीकडे जवळपास सारखीच असते, असेही पुढे म्हटले आहे. मग ग्रब-२ला आपली जागा कशी सापडते?

उत्तर : आपण त्या बाणापाशी अडलात, याचे मला फार समाधान वाटले, पुष्कळ विद्यार्थी तो पाठ करून पुढे जातात.

डोमेन म्हणजे प्रथिनाच्या साखळीतील स्वतंत्रपणे घडी घेऊ शकणारा भाग. सुमारे १०० अमिनो आम्लांचे एसएच-२ हे डोमेन टोनी पॉसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये एका कर्करोगकारक विषाणूच्या प्रथिनावर काम करताना ओळखले. त्यात एक खोल खोबण असते आणि तिच्या तळाशी आर्जिनिन हे धनभारित अमिनो आम्ल बसलेले असते. ग्राही सक्रिय झाला की त्याच्या साखळीतील टायरोसीन या अमिनो आम्लावर फॉस्फेट चढते आणि त्याचा ऋणभार या आर्जिनिनशी जुळतो. फॉस्फेट चढलेले सेरीन हे दुसरे अमिनो आम्ल आखूड असल्यामुळे तळापर्यंत पोहोचतच नाही. इथपर्यंत बहुतेक सर्व एसएच-२ सारखीच वागतात.

फरक पडतो तो टायरोसीनच्या पुढच्या दोन-तीन अमिनो आम्लांमुळे. सार्क या प्रथिनाच्या एसएच-२मध्ये आणखी एक तेलकट खळगा असतो आणि टायरोसीननंतरचे तिसरे अमिनो आम्ल आयसोल्युसीन असेल तर ते त्यात नीट बसते. दोन पिनांचा प्लग सॉकेटमध्ये बसावा, तशी ही जोडणी आहे. ग्रब-२मध्ये मात्र ती वाट एका ट्रिप्टोफॅनने अडवलेली असते, म्हणून जोडली जाणारी साखळी तिथे वळण घेते आणि दुसऱ्या स्थानी अॅस्पॅराजिन असल्यासच ती घट्ट धरली जाते. १९९४ मध्ये सार्कच्या एसएच-२मधील एकच थ्रिओनिन काढून तेथे ट्रिप्टोफॅन बसवले, तेव्हा त्याची निवड ग्रब-२सारखी झाली. आपल्या प्रश्नाचे याहून थेट उत्तर मला ठाऊक नाही.

तरीही एवढ्याने जोडणीचा अर्थ कळत नाही, कारण त्या डोमेनच्या शेजारी काय आहे, हेही पाहावे लागते. आपल्याकडे शेतात जू तेच असते. त्याला वखर जोडला की वखरणी होते, तिफण जोडली की पेरणी. ग्रब-२ हे अवघ्या २१७ अमिनो आम्लांचे असून त्याला स्वतःची विकरक्रिया (रासायनिक क्रिया घडवण्याची क्षमता) नाही. मध्ये एसएच-२ आणि दोन्ही टोकांना एसएच-३ हे वेगळ्या प्रकारचे डोमेन एवढीच त्याची रचना आहे, आणि ही एसएच-३ डोमेन सॉस या प्रथिनाचा प्रोलीनबहुल भाग धरतात. ग्रब-२ ग्राहीला चिकटले की सॉस आपोआप पेशीपटलाजवळ येते आणि तेथेच असलेल्या, संदेश पुढे नेणाऱ्या रास या प्रथिनाला जागे करते. या पकडी फार घट्ट नसतात, आणि ते आवश्यकच आहे, नाहीतर संदेश थांबवता आला नसता.

हेच एसएच-२ सार्कमध्ये स्वतःच्याच शेपटीतील फॉस्फेटयुक्त टायरोसीनला धरून बसते आणि सार्क या विकरालाच निष्क्रिय ठेवते. कोंबड्यांमध्ये अर्बुद निर्माण करणाऱ्या राउस सार्कोमा विषाणूच्या सार्कमध्ये शेपटीचा तो टायरोसीनच नसतो, त्यामुळे ते विकर सतत चालू राहते.