जुन्नरच्या गडांविषयी लिहू पाहणाऱ्या तरुणास

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझे टिपण वाचले. जुन्नरच्या डोंगरांत गेलेले बालपण लिहून काढण्याचा तुझा विचार मला आवडला. मात्र त्यातला निम्मा मजकूर गडावरच्या माहितीफलकावरही मिळेल असा आहे. शिवनेरीचे सात दरवाजे, शिवाई देवीचे देऊळ आणि १९ फेब्रुवारी १६३० ही जन्मतिथी मराठी वाचकाला शाळेपासून ठाऊक असते.

या गडांची कागदोपत्री हकीकत १८१८ मध्ये ते इंग्रजांच्या हाती गेले, तिथे जवळजवळ संपते. पुढच्या दोनशे वर्षांत तिथे गुरे कोणी चारली, कोणत्या टाक्याचे पाणी पिण्याजोगे राहिले, करवंदांसाठी पोरे कोणत्या वाटेने चढत, हे सहसा कोणत्याही दफ्तरात सापडत नाही. गुरांना पाणी मिळावे म्हणून आजोबा गावकऱ्यांसह टाक्यातला गाळ उपसत, हे तू एका ओळीत उरकले आहेस. त्या ओळीची दोन पाने व्हायला हवीत : गाळ कोणत्या महिन्यात काढत, माणसे कशी जमत, काढलेला गाळ शेतात नेत की कड्यावरून लोटून देत, आणि हे काम कधी व का थांबले.

पाहिलेले, ऐकलेले आणि वाचलेले मात्र एकमेकांत मिसळू देऊ नकोस. शिवनेरी महाराजांनी लढून घेतला, असे तू ठामपणे लिहिले आहेस. वस्तुतः त्यांच्या हयातीत तो स्वराज्यात आला नाही. १६७३ चा प्रयत्न फसला आणि गड मराठ्यांकडे आला तो शाहू महाराजांच्या काळात, १७१६ मध्ये. तरीही ते वाक्य खोडू नकोस. ‘आम्हाला लहानपणी असे सांगत’ एवढे त्यापुढे जोड, म्हणजे चुकीची माहितीही गावाच्या समजुतीची खरी नोंद ठरेल. ‘बेलाग’, ‘रौद्र’, ‘अभेद्य’ ही विशेषणे मात्र खुशाल काढून टाक. ज्या कड्यावर तू शेळ्यांमागे धावलास, तो तुला तेव्हा रौद्र वाटत असेल, यावर माझा विश्वास नाही.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात बारा किल्ल्यांची नोंद झाली, त्यांत शिवनेरी आहे. त्यामुळे त्याच्याविषयी लिहिणाऱ्यांची आता वाण पडणार नाही. जुन्नरचेच चावंड, हडसर आणि जीवधन हे गड त्या यादीत नाहीत. चावंडच्या तुटलेल्या पायऱ्यांवर लोखंडी कठडे बसण्यापूर्वी माणसे कशी चढत, हे सांगणारी पिढी अजून आहे. पण ती थकली आहे. दिवाळीत घरी जाशील तेव्हा चावंडवाडीत दोन दिवस मुक्काम कर, वृद्ध गुराख्यांशी बोल, शक्य झाल्यास एखाद्याला पायथ्यापर्यंत सोबत ने आणि तो जी नावे घेईल ती त्याच्याच उच्चारात उतरवून घे. ती वही आधी मला पाठव. शिवनेरीचे प्रकरण तोवर बाजूला राहू दे.

तुझा शुभचिंतक